दिवसभर एंगेज

आमच्या यांना हल्ली कमी ऐकू येतं. निवृत्त झाल्यापासून दिवसभर त्या लिनक्सच्या कम्प्युटरसमोर बसायचं, कानात ब्लूटूथची बोंडं खुपसायची आणि कुठली कुठली भाषणं ऐकायची, हा उद्योग. जेवायला हाक मारली तर ‘आलोच’, आणि यांचं ‘आलोच’ म्हणजे वरणावर साय धरेपर्यंत. एक अडचण मात्र होती. ती बोंडं रोज सकाळी कम्प्युटरला हाताने जोडून द्यावी लागायची. ती आपोआप जोडली जावीत म्हणून यांनी आठवडाभर डोकं लावलं, काय काय लिहिलं, खोडलं, माझ्यावरही दोनदा चिडले.

एका सकाळी आतून हाक आली. मी पोह्यांची ताटली घेऊन गेले. हे लहान मुलासारखे हसत होते. म्हणाले, ‘‘बघ, मी हातसुद्धा लावला नाही. आपलं आपण जोडलं गेलं.’’

ताटली टेबलावर ठेवली, नाहीतर पडलीच असती. मी म्हटलं, ते काढून टाका. रोज हाताने जोडा, हात झिजत नाहीत तुमचे. हे हसणार होते, पण माझ्या तोंडाकडे बघून थांबले. मग पुन्हा खाली मान घालून टाईप करायला लागले. त्यांनाही आठवलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही जळगावला राहायचो. हे फैजपूरला कॉलेजात शिकवायचे, रोज एसटीने जायचे यायचे. घरात आम्ही दोघं आणि माझे सासरे, आबा. आबांनी सगळा जन्म केळीच्या बागेत काढला. सासूबाई गेल्यावर शेत वाट्याने देऊन आमच्याकडे राहायला आले, आणि येताना दमा घेऊन आले. त्यातच यांनी एका मासिकाबरोबर मिळालेली लिनक्सची सीडी कम्प्युटरवर चढवली आणि आमच्या घराला दुसरा दमा लागला.

तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं. फोनच्या शेजारी मॉडेम नावाची एक डबी होती, ती कम्प्युटरसाठी नंबर फिरवायची. डबी बोलत असली की फोन अडकलेला. बाहेरून कुणी लावला तर त्याला एंगेज. मला एवढंच ठाऊक होतं की अशा वेळी रिसिव्हर उचलून परत ठेवला की कम्प्युटरचं बोलणं तुटतं आणि फोन मोकळा होतो. आबांनाही मी ते शिकवून ठेवलं होतं. पण आमच्याकडची लाईनच अशी, की कुणी हात न लावताही घडीघडीला तुटायची. मग हे उठून पुन्हा नंबर फिरवायचे, डबी चिरकायची, आबा दचकून उठायचे, खोकला सुरू. म्हणून यांनी दोन गोष्टी केल्या. डबीचा आवाज बंद केला, आणि लाईन तुटली की कम्प्युटरने आपलं आपण पुन्हा जोडून घ्यावं असं काहीतरी लिहून ठेवलं. केलं त्या दिवशी मला कौतुकाने सांगितलंही होतं. मी कणीक मळता मळता ‘बरं’ म्हटलं होतं.

त्याच दिवसांत माझी धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. माझं माहेर पारोळ्याजवळच्या खेड्यात, तिचं सासर साक्रीकडे. सातव्या महिन्यात धुळ्याला डॉक्टरांना दाखवलं तेव्हा कळलं की तिचं रक्त निगेटिव्ह गटाचं, सहज न मिळणारं. घरात सगळ्यांचं तपासलं. जुळलं फक्त माझं. डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं की हिच्या अंगात रक्त कमी आहे, बाळंतपणात जास्त गेलं तर थोरलीला हाताशी ठेवा.

हाताशी म्हणजे मी खरं तर धुळ्यालाच जाऊन राहायला हवं होतं. पण तारीख पंधरा दिवस लांब होती आणि इकडे आबांचा दमा उसळला होता. आदल्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात ठेवून ऑक्सिजन लावावा लागला. पारोळ्याचे माझे नाना, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, बघायला येऊन गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की म्हातारा आता फार दिवसांचा नाही, मन घट्ट कर. माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर. शेवटी असं ठरलं की कळा सुरू झाल्या की धुळ्याहून फोन येईल आणि मी मिळेल ती एसटी धरून निघेन. कापडी पिशवी भरून दारामागच्या खुंटीला लावून ठेवली. यांच्याकडून कबूल करून घेतलं की बहीण बाळंत होईपर्यंत दिवसा इंटरनेट नाही. जे काय करायचं ते पहाटे करा आणि तोडा. यांनी कबूल केलं, आणि पाळलंही.

त्या सकाळीसुद्धा माझ्यासमोर तोडलं. कम्प्युटर चालूच असायचा, नुसती स्क्रीन काळी केली, डबा घेतला आणि फैजपूरच्या गाडीला गेले.

मी फोनजवळ बसून निवडणं टिपणं करत होते. दिवस वैशाखाचे. आमचं जळगाव त्या दिवसांत नऊ वाजताच तापतं, कूलरचं पाणीसुद्धा गरम येतं. आबा आतल्या खोलीत पडून होते. माझं सगळं लक्ष त्या फोनकडे. एक खरं सांगते, तो वाजू नये असंच मला वाटायचं. घंटा झाली नाही की एक तास सुखाचा गेला, असा माझा हिशोब. त्या दिवशी तर फोन अगदी गप्प होता. मला बरं वाटत होतं. देवाला हात जोडून म्हणाले सुद्धा, असंच राहू दे.

उन्हं चढल्यावर मात्र राहवेना. गावाकडे ज्या दुकानात आमचे निरोप घ्यायचे तिथे लावून विचारावं, कशी आहे म्हणून. रिसिव्हर उचलून कानाला लावला आणि कानात जे शिरलं त्याने मी रिसिव्हर टाकूनच दिला. तापलेल्या तेलात ओलं काहीतरी पडावं तसा चर्र आवाज, आणि मध्येच शिट्टी. काळ्या स्क्रीनमागे कम्प्युटर बोलत होता. मला वाटलं, यांच्याकडून तोडायचं राहिलं. चरफडत रिसिव्हर उचलून नीट ठेवला. म्हटलं, झालं मोकळं. थोड्या वेळाने नंबर लावायला पुन्हा उचलला. पुन्हा तेच.

तेव्हा ते कणीक मळताना ऐकलेलं मला आठवलं. आपलं आपण जोडून घेतो. म्हणजे रोज हे आधी ते जोडून घेणं बंद करत असतील, आज गाडीच्या घाईत नुसतं तोडलं, आणि कम्प्युटरला लाईन तुटल्यासारखं वाटलं असणार. हे कोपऱ्यावर पोचले नसतील तोवर त्याने पुन्हा जोडून घेतलं, तेही आवाज न करता. मी सकाळपासून ज्या शांततेसाठी देवाचे आभार मानत होते, ती शांतता नव्हतीच. आमचा फोन दिवसभर एंगेज होता.

रिसिव्हर उचलला, आवाज तुटला, टोन आला म्हणून घाईघाईने आकडे फिरवायला लागले तर मधेच पीप पीप करत कम्प्युटर आपले आकडे घालायला लागला. माझा नंबर आणि त्याचा नंबर एक झाले आणि कुठल्या तरी माणसाने ‘कोण पाहिजे’ म्हणून विचारलं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. कम्प्युटरचं बटण दाबून टाकावं म्हटलं तर यांनी बजावून ठेवलं होतं, एकदम बंद केलास तर आतलं सगळं पुसलं जाईल, कॉलेजच्या परीक्षेचं काम त्यात आहे. वायर ओढावी तर फोनचीच तार त्या डबीतून गेलेली. ओढली आणि फोनच गेला तर? मी त्या डबीसमोर हात पुढे करून उभी राहायचे आणि हात मागे घ्यायचे. आज कुणी शहाणं म्हणेल, एवढं काय, बटण बंद करायचं. भीतीत माणसाला बटण दिसत नाही. मी यांना मनात नको नको ते बोलले.

शेवटी ठरवलं, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जायचं. चप्पल पायात घातली आणि तेवढ्यात रडणं ऐकू आलं.

आमच्याकडे मौतीला जाणाऱ्या बायका दारात येऊन रडत नाहीत, गल्लीच्या तोंडापासून रडत येतात. घरातल्यांना कळावं की सोयरे आले. ते रडणं मी लहानपणापासून ऐकलेलं. आणि त्यातला एक आवाज माझ्या काकूचा होता. मी खिडकीतून बघितलं. गल्लीच्या तोंडाशी नानांची जीप उभी. नाना डोक्याला पांढरं उपरणं गुंडाळून खाली मान घालून चालत होते आणि मागे काकू तोंडाला पदर लावून.

माझी बहीण गेली. दुसरं काही मनात आलंच नाही. फोन लागला नाही, मी पोचले नाही, आणि ती गेली, आणि आता हे मला न्यायला आले आहेत. मी उंबऱ्यातच बसले. माझ्या तोंडून जो हंबरडा फुटला तो मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. काकू धावत आली, माझ्या गळ्यात पडली, आम्ही दोघी एकमेकींना धरून रडायला लागलो. नाना भिंतीला टेकून उभे राहिले. अशा वेळी गेलेल्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. बऱ्याच वेळाने नानांनी खाकरून विचारलं, ‘‘कवय व्हयनं, पोरी?’’

मला काही समजेना. केव्हा झालं, हे मी सांगायचं की त्यांनी? तेवढ्यात माझ्या पाठीमागे काठीचा आवाज झाला. आबा बंडीवर, भिंतीला धरत धरत बाहेर आले होते. रडणं ऐकून आधी ते माझ्याकडे वळले, मग नानांकडे.

‘‘कोण गेलं?’’ आबांनी विचारलं.

काकूचं रडणं मधेच तुटलं. नानांनी डोक्याचं उपरणं हळूच काढून हातात घेतलं. इतका घाबरलेला नानांचा चेहरा मी पुन्हा कधी बघितला नाही. शेवटी मीच विचारलं, माझी बहीण?

‘‘ती शे,’’ नाना म्हणाले. ‘‘जित्ती शे.’’

मग सगळं बाहेर आलं. कळा आदल्या रात्रीच सुरू झाल्या होत्या. तिला धुळ्याला हलवलं, सकाळी मुलगा झाला, पण रक्त जायचं थांबेना. त्या गटाची एक बाटली धुळ्यात मिळाली, दुसरी मिळत नव्हती. मेहुण्यांनी आम्हाला फोन लावला, एंगेज. आईने लावायला लावला, एंगेज. पारोळ्याहून नानांनी लावला, तरी एंगेज. तास झाला, दोन तास झाले, फोन एंगेजच. घरात दम्याने टेकीला आलेला म्हातारा, आणि फोन सकाळपासून अडकलेला. याचा अर्थ आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आबा गेले, आणि घरचे सोयऱ्याधायऱ्यांना कळवत बसले आहेत. घरात फोन असलेल्या कुटुंबाची मौत लोक अशीच ओळखायचे. कुणीतरी म्हणालंसुद्धा की जळगावला माणूस पाठवून तिला घेऊन या. पण सासऱ्याचं प्रेत घरात असताना सुनेला कसं उठवायचं? आणि सुतकातल्या बाईचं रक्त ओल्या बाळंतिणीला कसं द्यायचं? म्हणून नाना मौतीला निघाले, बाकीचे रक्त शोधायला. बहिणीचं मला सांगायचंच नाही असं ठरवून ते आले होते. एका दुःखात माणसाला दुसरं सांगत नाहीत. आबा बाहेर आले नसते तर नाना घटकाभर बसून, माझ्या डोक्यावर हात ठेवून परत गेले असते. हे आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

नाना आबांच्या पायाशी वाकले. म्हणाले, ‘‘सुतकमा शे ती असं समजनूत, आबा. रगत कसं मांगानं?’’

आबांना धाप लागली होती. ते माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘मी काही आज मरत नाही. तू जा.’’

मी खुंटीवरची पिशवी ओढली. काकू आबांजवळ थांबली, मी आणि नाना जीपमध्ये बसलो. ती काळी स्क्रीन, ती डबी, सगळं तसंच मागे राहिलं.

जळगाव ते धुळे हा रस्ता माझ्या पायाखालचा, पण त्या दिवशी तो संपेचना. एरंडोल गेलं, पारोळा आलं, किल्ल्याच्या भिंतीवर ऊन नुसतं रटरटत होतं. मला दोन भीती धरून बसल्या होत्या. एक पुढची, ती असेल का. आणि दुसरी मागची, आबा खरंच गेले तर? मी रस्त्यात असताना त्यांना काही झालं तर मी सुतकात जाणार, आणि मला ते कळणारही नाही. मला त्यांच्या जीवाची काळजी होती की माझ्या रक्ताची, याचा निवाडा मी तेव्हा केला नाही. नुसतं म्हणत होते, आबा, आजचा दिवस.

दवाखान्यात आईने मला पाहिलं आणि आधी दोन पावलं मागे सरली. नानांनी तिला सांगितलं तेव्हा ती मटकन खाली बसली. मला कुणी बोलू दिलं नाही, लगेच टेबलावर घेतलं. बाटली भरली, तपासणी झाली, जुळणी झाली, आणि मग मला तिच्या खोलीत जाऊ दिलं. ती चुन्यासारखी पांढरी पडली होती. डोळे उघडे होते. कुशीत बाळ. मी वाकून बाळाकडे हात नेला तेव्हा तिने आपला हात आडवा घातला. त्या हातात जोर असा नव्हताच.

‘‘अक्का, तू सुतकमा शे,’’ ती म्हणाली. ‘‘पोऱ्याले हात नको लावू.’’

मी सांगितलं, अगं आबा धडधाकट आहेत, आता त्यांच्याशी बोलून आले. नानांनीही तेच सांगितलं, तरी तिने मान फिरवली. तिला वाटलं आम्ही सगळे तिचा जीव वाचवायला खोटं बोलतो आहोत. आई हलक्या आवाजात म्हणाली, सकाळी शुद्धीत होती तेव्हा हीच म्हणाली, अक्काला उठवू नका, तिच्या घरी मौत आहे. समोर बाटली टांगलेली होती, पण ती ते रक्त घ्यायला तयार नव्हती. नळीचा हात पोटाखाली ओढून घ्यायला बघत होती. नर्सबाईंनी धरून ठेवला. डॉक्टर रागावले, आई रडली. ती एकच म्हणत होती, बाळाला बाधेल.

मी धावत खाली फोनच्या बूथवर गेले. म्हटलं आबांशी बोलते, तसं तिला शपथेवर सांगते. नंबर लावला. एंगेज.

त्या टोनचा अर्थ मला ठाऊक होता. काळी स्क्रीन, डबी, आपलं आपण जोडून घेणं, सगळं ठाऊक होतं. तरीही दुसऱ्यांदा एंगेज लागला तेव्हा मी एकेक आकडा बघून नंबर पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मला दिसलं, आबा आतल्या खोलीत, डोळे मिटलेले, आणि काकू सगळ्यांना फोन करते आहे. नानांचं, मेहुण्यांचं, आईचं जे झालं तेच माझं झालं. बूथवाला म्हणाला, ताई, घरचे बोलत असतील, थोड्या वेळाने करा. मी नुसती लावत राहिले. कितीदा ते देव जाणे.

आणि एकदा घंटा वाजली. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचललाही.

‘‘बोल पोरी,’’ आबा म्हणाले.

मी काही विचारायच्या आत आबाच धापा टाकत सांगायला लागले. मी निघाल्यापासून ते फोनजवळ खुर्ची टाकून बसले होते. काकू ‘आत पडा’ म्हणत होती, ऐकलं नाही. मी कधीतरी फोन करणार आणि मला एंगेज लागणार, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून रिसिव्हर उचलायचा, ठेवायचा, परत उचलायचा, परत ठेवायचा. कम्प्युटर जोडायचा, आबा तोडायचे. दुपारभर हेच. त्यांच्या एका तोडण्यात आणि कम्प्युटरच्या पुढच्या जोडण्यात जी फट पडली, तिच्यातून माझा फोन आत शिरला. एवढ्यात पीप पीप सुरू झालं. कम्प्युटर आमच्या बोलण्यावर आपले आकडे मारायला लागला. त्या गोंगाटातून आबांचं एवढंच ऐकू आलं, ‘‘मी आहे. तिला सांग, मी आहे.’’

जिना चढून मी तिच्या उशाशी बसले आणि आबांची धाप, काकूचं रागावणं, ते तोडणं आणि जोडणं, सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. असलं काही मला रचता येणार नाही, हे तिला माहीत होतं. तिने नळीचा हात सरळ केला. मग दुसऱ्या हाताने बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं आणि म्हणाली, ‘‘घे.’’